बोलावणं धाडणारी नौका

दीपस्तंभ उभारायला खडक लागतो, निदान पक्की जमीन तरी. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या नॅन्टुकेट बेटापलीकडे समुद्रात दूरवर वाळूचे उथळ पट्टे पसरलेले आहेत. तिथे पाय रोवायला जागाच नव्हती. म्हणून १८५४पासून तिथे दिवा लावलेलं एक जहाजच नांगरून ठेवत. युरोपातून न्यूयॉर्कला येणाऱ्या बोटींना अमेरिकेची पहिली खूण दिसे ती या दीपनौकेची.

१९३१ साली तिथे आलेली 'एलव्ही-११७' १३३ फूट लांब होती. लाल अंगावर पांढऱ्या ठळक अक्षरांत ठाण्याचं नाव आणि उंच डोलकाठ्यांवर दिवे. अशा नौकांचा नांगर उलट्या अळंबीसारखा असे. तो वाळूत रुतून बसे, कारण जागा न सोडणं हेच या जहाजाचं काम. धुक्यात दिवा कुचकामी ठरे, त्यासाठी भोंगा होता, पाण्याखालून आवाज सोडणारं यंत्र होतं आणि रेडिओ संकेतही होता.

घात झाला तो या रेडिओ संकेतामुळे. येणारी बोट संकेताचा माग काढत सरळ दीपनौकेच्या रोखाने यायची. एकट्या संकेतावरून दिशा कळे, अंतर कळत नसे. जानेवारी १९३४मध्ये 'वॉशिंग्टन' ही बोट दीपनौकेला घासून गेली. तेवढ्यावर निभावलं. १५ मे रोजी दाट धुक्यातून 'टायटॅनिक'ची थोरली बहीण 'ऑलिंपिक' त्याच संकेतावर आली. ८८२ फुटांचं ते धूड आदळलं आणि दीपनौका बुडाली. ११ खलाशांपैकी ७ जण दगावले.

ब्रिटनकडून मिळालेल्या भरपाईतून १९३६मध्ये नवी नौका बांधली गेली. तिचा क्रमांक ११२, लांबी १४८ फूट. तिला दुहेरी कवच होतं, पोटात पाणी अडवणारे अनेक कप्पे होते आणि खालून डेकवर निसटायला बऱ्याच वाटा ठेवल्या होत्या. रेडिओ संकेत मात्र तसाच चालू राहिला. तो बंद केला असता तर धुक्यात बोटी वाळूवर चढल्या असत्या. दुसऱ्यांना वाट दाखवायची तर त्यांच्या वाटेतच उभं राहावं लागणार, हे आता मान्य झालं होतं. पुढची धडक बसलीच, तर आतल्या माणसांना वर यायला वेळ मिळावा, एवढीच सोय त्या आराखड्यात करता आली.