बाबांचा नऊ किलोचा कटला

परवा ह्यूस्टनहून पुतण्याने फोटो पाठवला. तिथल्या कुठल्याशा धरणावर उभा आहे आणि हातात हिरवट, मूठ आत जाईल एवढ्या जबड्याचा मासा. "आत्या, हा लार्जमाऊथ बास. आजोबांच्या धरणात मिळायचा का?"

नाही रे बाबा. पण प्रश्नाने विचारात पाडलं.

आजोबांचं धरण म्हणजे सूर्या नदीवरचं धामणी. बाबा तारापूरच्या कामासाठी बोईसरला आले. तिथलं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं, देशातलं पहिलं. नव्वदच्या आसपास धामणीचं धरण झालं आणि बाबांच्या रविवारांची सोय झाली. चिल्हार फाटा, चारोटी, कासा, धामणी. स्कूटरला गळाच्या काठ्या बांधलेल्या आणि डब्यात आईच्या नकळत पळवलेली कणीक. १९९६ साली त्यांनी म्हणे नऊ किलोचा कटला काढला. फोटो नाही, साक्षीदार नाही. घरातल्या प्रत्येक लग्नात त्या कटल्याचं वजन अर्धा किलो वाढायचं, हे नातेवाईकांना ठाऊक आहेच :) पुढे मात्र त्याच धरणात पाव-अर्धा किलोच्या वर काही लागेना. मग आम्ही ठरवून टाकलं, थाप होती.

आता मला तसं वाटत नाही.

कटला मुळात आपला नव्हेच. रोहू, कटला, मृगळ ही गंगेच्या खोऱ्यातली मंडळी. पूर्वी त्यांची पिल्लं बंगालमधल्या नद्यांतून धरून मातीच्या हंड्यांत घालून रेल्वेने दूरदूर जायची, वाटेत किती मरायची ते विचारू नका. हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ ला ओडिशातल्या अंगुळला हिरालाल चौधुरी आणि अलीकुन्ही यांनी दुसऱ्या माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांना अंडी घालायला लावलं. त्यानंतर हळूहळू बीज तयार करता येऊ लागलं आणि महाराष्ट्रातल्या धरणांत कटला-रोहू सोडणं सोपं झालं. तेही नुसते मत्स्यजिरे ओतून भागत नाही. मरळ, शिंगाडा टपलेले असतात, बोटुकली सोडावी तेव्हा त्यातली काही हाती लागतात.

आता वाढीचं. धरण पहिल्यांदा भरतं तेव्हा पाण्याखाली गेलेलं गवत, झाडपाला, शेणखत घातलेली जमीन कुजू लागते. त्यातून पाण्यात खत उतरतं, सूक्ष्म जीव माजतात आणि कटला तर वरच्या थरातले तेच जीव गाळून खाणारा. खाणं भरपूर आणि मासे थोडे, त्यामुळे पहिली काही वर्षं मासा झपाट्याने वाढतो. मग ही शिदोरी संपते आणि वाढ बसते. जगभरच्या नव्या धरणांत हे दिसलं आहे. म्हणजे बाबा अगदी वेळेवर गेले होते!

ती शिदोरी कुणाची, हे मात्र बाबांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. पाण्याखाली गेली ती आदिवासींची भातखाचरं, त्यांचे बांध, त्यांची झाडं. पिढ्यान्‌पिढ्या राबून जमवलेला कस कटल्याच्या अंगावर चढला आणि कुटुंबं दुसरीकडे गेली. पाणी नंतर बोईसर-तारापूरच्या कारखान्यांना आणि वसई-विरारच्या नळांना गेलं. उपसा वाढला की उन्हाळ्यात काठ उघडे पडतात आणि उथळ पाण्यातलं माशांचं खाद्य वाळून जातं.

त्यात चिलापीची भर. १९५२ साली भारतात आणलेला हा आफ्रिकन मासा पिल्लं तोंडात सांभाळतो आणि वर्षातून अनेकदा वितो. गर्दी एवढी होते की कुणालाच पुरेसं मिळत नाही. मासे थोराड न होता तळहाताएवढेच राहतात आणि तरीही वितात. मला आमच्या चाळीची आठवण येते, असो.

राहता राहिला बास. आपल्याकडे त्याच्या जवळचा म्हणाल तर जिताडा. खाडीच्या खाऱ्या पाण्यात जन्मतो, पिल्लं गोड्या पाण्याकडे चढतात, आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. अलिबाग-पेणच्या खारेपाटात खाडीतली पिल्लं आणून गावच्या तळ्यात पोसतात. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडच्या धरणांत, हाच मासा 'बारामुंडी' म्हणून मुद्दाम सोडतात. तिथे तो वितो नाही, पण वाढतो प्रचंड. आपली सूर्या वैतरणेला मिळते आणि वैतरणा दातिवऱ्यापाशी समुद्राला. पण मध्ये भिंत उभी राहिली की खालून कुणी वर चढू शकत नाही. जिताडा नाही आणि पहिल्या पावसात वलगणीला चढणारे मासेही नाहीत. धामणीच्या काठावर बाबांना सोबत करणारा एक वारली म्हातारा याबद्दलच बोलायचा. लहानपणी वलगणीच्या रात्री अख्खा पाडा ओढ्यात उतरायचा, म्हणे. बाबा गळाकडे बघत हूं हूं करायचे.

पुतण्याला मी एवढंच लिहिलं, की बास नव्हता, कटला होता. आणि नऊ किलोचा होता.