भंडारा-गोंदिया : विद्यमान खासदाराची फेरलढत

२००८ च्या पुनर्रचनेत हा लोकसभा मतदारसंघ आकाराला आला. त्यात तुमसर, भंडारा, साकोली, अर्जुनी-मोरगाव, तिरोडा आणि गोंदिया हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. गोंदिया जिल्ह्यातलेच आमगाव मात्र गडचिरोली-चिमूरला जोडलेले आहे. इथे पुन्हा उभ्या राहिलेल्या विद्यमान खासदाराला मतदारांनी अजून तरी दुसरी संधी दिलेली नाही. २०१४ मध्ये केंद्रीय मंत्री असलेले राष्ट्रवादीचे प्रफुल्ल पटेल भाजपच्या नाना पटोले यांच्याकडून पराभूत झाले. २००९ च्या लढतीत पटोले अपक्ष म्हणून त्यांच्याकडून हरले होते. पटोले यांनी २०१७ च्या अखेरीस राजीनामा दिला. २०१८ ची पोटनिवडणूक राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे यांनी जिंकली. मतदान यंत्रांतील बिघाडांमुळे काही केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. २०१९ मध्ये कुकडे उमेदवार नव्हते आणि पटोले काँग्रेसतर्फे नागपुरात गडकरींविरुद्ध लढत होते, त्यामुळे जागा राखण्याचा प्रश्नच आला नाही. ती भाजपचे सुनील मेंढे यांनी घेतली. २०२४ मध्ये मेंढे यांना काँग्रेसचे डॉ. प्रशांत पडोळे यांनी हरवले. गंमत अशी की, या वेळी पटेल मेंढे यांच्याच बाजूने, महायुतीत होते.