सर्पदंशावर नवं औषध : शोध कुठवर आला?

पावसाळा लागला की शेतात, गोठ्यात साप निघतात. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार माणसं दगावतात.

आजची लस : घोड्याला थोडं थोडं विष टोचतात. त्याच्या रक्तात विषाला मारक घटक तयार होतात, त्यापासून लस बनते. ती नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालते. मात्र घोड्याच्या रक्तातली असल्याने काहींना रिॲक्शन येते.

नवा शोध : अमेरिकेतील टिम फ्रीडी यांनी जवळपास 18 वर्षं स्वतःला सापाचं विष टोचून घेतलं. हे जिवावरचं काम, कुणी करू नये. त्यांच्या रक्तावरून मिळालेले दोन मारक घटक आणि वॅरेस्प्लॅडिब हे औषध एकत्र करून शास्त्रज्ञांनी उंदरांवर चाचणी केली. नाग-मण्यारच्या कुळातल्या 19 सापांपैकी 13 सापांच्या विषापासून उंदीर पूर्ण वाचले, बाकी 6 पासून काही प्रमाणात. हे संशोधन मे 2025 मध्ये जाहीर झालं.

अडचण कुठे? ही चाचणी उंदरांवरची आहे, माणसांवरची नाही. घोणस, फुरसे वेगळ्या कुळातले, ते यात नाहीत.

तोवर काय करायचं? आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. अंगठी, कडं काढा. हात-पाय हलवू न देता 108 ला फोन करून दवाखाना गाठा. मण्यारचा दंश रात्री झोपेत होतो, दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखलं, पापण्या जड झाल्या, तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.