दावं सोडलं का?

खुंट्याचं दावं सोडल्याशिवाय बैल जुवाखाली येत नाही, हे वऱ्हाडात पोरासोरांनाही सांगावं लागत नाही. विमानाचं तसं नाही. दावं तसंच राहिलं तरी ते धावपट्टीवर धावतं, वेग घेतं, कधी जमीनही सोडतं. घात तिथंच होतो.

उभ्या विमानाला दावं लागतं ते वाऱ्यामुळे. पंखांवरची एलेरॉन, शेपटीवरचे एलिव्हेटर आणि रडर हे सगळे बिजागरीवरचे भाग. वावटळीत उघड्या दारासारखे आपटून मोडायचे, म्हणून ते जखडून ठेवतात. त्या अडसराला गस्ट लॉक म्हणतात. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या प्रशिक्षण संस्थेसाठी एअर इंडियाने 31 पायपर विमानांची मागणी नोंदवली आहे. या घराण्यातल्या छोट्या विमानांत तर सीटचा पट्टाच सुकाणूच्या चाकातून ओवून आवळतात. अगदी दावंच.

30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेत डेटनजवळ बोइंगचं चार इंजिनांचं मॉडेल 299 उडालं, नाक वर करत गेलं आणि कोसळलं. मेजर प्लॉयर हिल आणि बोइंगचे लेस टॉवर दगावले. यंत्र धडधाकट होतं. लॉक काढायचं राहिलं होतं. दोघेही कसलेले चाचणी वैमानिक. त्यांच्याकडून हे सुटतं, तर आणखी शिकवून काय होणार? मग उड्डाणाआधी, उडताना, उतरण्याआधी आणि उतरल्यावर काय पाहायचं, ते कागदावर उतरलं. तीच चेकलिस्ट. पुढे त्याच विमानाचं बी-17 झालं आणि अशी 12,731 विमानं बनली.

हवेत एलिव्हेटर अडकलं तर? 16 एप्रिल 2025 पासून मुंबईहून बेलोऱ्याला येणाऱ्या एटीआर-72 मध्ये दोन वैमानिकांचे एलिव्हेटर हलवणारे दांडे आतून जोडलेले असतात. एक बाजू अडकली, की दोघांनी उलट दिशांना जोर लावायचा. जोड सुटतो आणि मोकळ्या बाजूचा वैमानिक विमान सांभाळतो.

जमिनीवरचा इलाज त्याहून सोपा: निघण्याआधी दांडा चारी बाजूंना शेवटपर्यंत फिरवून पाहणं. 2014 साली बोस्टनजवळ बेडफर्डला एक खासगी जेट लॉकसकट धावलं. सातही जण गेले. चौकशीत निघालं, की त्या वैमानिकांनी आधीच्या 175 उड्डाणांपैकी 98 टक्के वेळा ही तपासणी पुरती केलीच नव्हती. दावं दरवेळी सुटलेलं असायचं, म्हणून बघायचं सोडलं होतं.