लाल नळकांड्याच्या गळ्यातील चिठ्ठी

मेहकराहून खामगावाकडे जाताना जानेफळ लागते. आषाढी आटोपून पंढरपुराहून शेगावी परतणारी श्री गजानन महाराजांची पालखी मेहकरानंतर येथे मुक्काम करते, म्हणून हे नाव वऱ्हाडाबाहेरच्या भाविकांच्याही कानी असते. एरवी कापूस, सोयाबीन आणि तूर यांच्या हिशेबात वर्षे मोजणारे हे गाव स्वतःचा गाजावाजा करणाऱ्यांपैकी नव्हे. तेथील एका खते-बियाण्यांच्या दुकानात पावसाच्या सरीमुळे थोडा वेळ आडोशाला उभे राहावे लागले असता खांबाला टांगलेले एक लाल नळकांडे दृष्टीस पडले. त्याच्या गळ्यात सुतळीने बांधलेली चिठ्ठी होती आणि तिच्यावर भरल्याची तारीख, पुढील तपासणीची तारीख व भरणाऱ्याचा परवाना क्रमांक असे तीन रकाने होते. चिठ्ठी कोरी करकरीत, तर नळकांड्यावर मात्र धुळीचे इतके जाड थर की मूळ रंग लाल असावा हे अनुमानानेच ठरवावे. मी पाहतो आहे हे ध्यानी येऊन दुकानदार हसून म्हणाले, “डबा थोच हाये भाऊ, चिठ्ठी तेवढी दरसाल नवी येते.”

हे वाक्य त्यांनी विनोदाने उच्चारले खरे. परंतु ज्या मुलखात ते उच्चारले गेले, त्या मुलखाच्या दप्तरी इतिहासाचा एक मोठा भाग त्यात आपसूक सामावलेला आहे. बंद वस्तूच्या आत काय आहे ते पाहता येत नाही, म्हणून बाहेर कोणाचे तरी नाव, क्रमांक आणि तारीख बांधून ठेवायची, ही रीत वऱ्हाडात अग्निशामक यंत्राबरोबर आलेली नाही. ती कापसाबरोबर आली.

त्यापूर्वी खेड्यातील आगीचा बंदोबस्त हा गावकीचा विषय होता. अकबराच्या अमदानीत मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते, पुढे निजामाचा अंमल आला, 1853 च्या तहाने हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, तरी कुडाच्या भिंती आणि गवती छपरे यांच्यावर पडणारी ठिणगी कोणत्याही अंमलाची वाट पाहत नसे. कडब्याच्या गंजी वस्तीपासून दूर रचाव्यात, रात्री जागल्याने हाळी द्यावी, कोतवालाने दवंडी पिटावी, आणि आग लागलीच तर विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावून हातोहात घागरी पोचवाव्यात, इतकीच त्या काळची व्यवस्था. तिच्यात परवाना नव्हता, कारण जी घागर साऱ्यांच्या डोळ्यांदेखत भरली जाते तिला दाखला लागत नाही.

दाखल्याची गरज उत्पन्न केली ती व्यापाराने. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि इंग्रज व्यापाऱ्यांची दृष्टी वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. रिव्हेट-कार्नॅक नावाचे अधिकारी मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी कापूस कमिशनर म्हणून नेमले गेले. 1867 मध्ये लोहमार्ग नागपुरापर्यंत पोचला. आणि 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी जलंब ते खामगाव हा फाटा खुला केला, तेव्हा खामगावचा कापूसबाजार साऱ्या हिंदुस्थानात नावाजला गेला. ज्या बाजारात शेकडो गाड्या एका सकाळी उतरतात, तेथे आडत्या कोण, मापाडी कोण, काटा कोणाचा आणि काट्याखाली बोट कोणाचे, हे प्रश्न आपोआप उद्भवतात. 1886 मध्ये हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकुमाने कारंजा येथे हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित बाजार स्थापन झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा निघाला. ज्याच्याजवळ परवाना नाही त्याने बाजारात आडत करू नये, मापही करू नये, असे बंधन त्यामुळे पडले. पुढे 1928 च्या शाही कृषी आयोगाने या पद्धतीची प्रशंसा केली, पण बाजार समितीत शेतकऱ्याला स्थान नाही, हे व्यंगही दाखवून दिले. ज्याच्या रक्षणासाठी परवाना काढला त्यालाच परवाना देणाऱ्यांच्या पंक्तीत बसायला जागा नसावी, हे आपल्याकडे पहिल्यांदा घडले असेही नाही आणि शेवटचे तर नाहीच.

परवान्याने माणूस बांधला गेला. वस्तू बांधायची राहिली होती. दाबून आवळलेली रुईची गाठ ही मोठी फसवी वस्तू आहे. वजन वाढावे म्हणून आत पाणी मारले आहे काय, चांगल्या रुईच्या पोटात हलकी रुई घातली आहे काय, हे वरून कळत नाही, आणि जेव्हा कळते तेव्हा गाठ मुंबईच्या किंवा त्याहून दूरच्या गोदीत असते. या फसवणुकीवर 1925 च्या कापूस जिनिंग-प्रेसिंग कारखाने कायद्याने जो उपाय काढला तो इतका साधा होता की त्याचे चातुर्य चटकन ध्यानात येत नाही: प्रेसघरातून गाठ बाहेर पडण्यापूर्वी तिच्यावर त्या प्रेसचा ठरवून दिलेला ठसा आणि अनुक्रमांक उमटलाच पाहिजे. गाठ कुठेही फुटो, तिच्या पाठीवरच्या ठशावरून ती कोणाच्या हातची, हे मागे मागे जात शोधता येऊ लागले. नव्या जिनांत सरकीसह कापूस आत येण्याची वाट आणि रुई बाहेर जाण्याची वाट वेगवेगळी असावी, अशीही तजवीज त्या कायद्यात होती. तिचा हेतू भेसळ टाळण्याचा होता, तथापि ज्याने चालू जिनामधील गर्दी पाहिली आहे त्याला वेगळ्या दारांचा आगीच्या वेळी काय उपयोग होतो हे सांगावे लागणार नाही.

कारण कापूस आणि आग यांचे वैर नुसत्या जळण्याचे नाही, लपण्याचे आहे. कपाशीबरोबर एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा जिनाच्या रुळात सापडला, घर्षणाने ठिणगी उडाली आणि ती रुईच्या पोटात शिरली, तर ती तेथे तासन्‌तास धुमसत राहते. वरून पाणी मारल्याने ज्वाळा शमते, पण आवळलेल्या गाठीच्या आत पाणी शिरत नाही, आणि सर्वांनी निःश्वास टाकल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे तीच गाठ पुन्हा पेट घेते. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला तेव्हा त्याच्या पोटात स्फोटक द्रव्यांबरोबर कापसाच्या गाठी होत्या, आणि त्या दिवशी मुंबई अग्निशमन दलाच्या 66 जवानांनी प्राण गमावले. दरवर्षी 14 एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्या स्मरणार्थ आहे.

आता यंत्राकडे वळावे. बंद पात्रात विझवणारे द्रव्य साठवून ते आगीवर सोडण्याची कल्पना इंग्लंडात कॅप्टन जॉर्ज मॅनबी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात प्रत्यक्षात आणली. तांब्याच्या पात्रात क्षाराचे पाणी आणि वर दाबलेली हवा, अशी तिची रचना होती. 1866 मध्ये फ्रान्समध्ये कार्लिए यांनी सोडा आणि आम्ल यांचे यंत्र काढले, आणि नऊ लिटर सोड्याचे पाणी, वर काचेच्या कुपीत गंधकाम्ल, दांडा आपटला की कुपी फुटून वायू निर्माण होऊन पाण्याची धार, असे हे शंक्वाकृती यंत्र पुढे शतकभर गिरण्यांच्या आणि चित्रगृहांच्या भिंतींवर विराजमान झाले. त्याच्या शेजारी लाल बादल्यांची रांग असे. बादलीचा तळ गोल असे, म्हणजे ती जमिनीवर ठेवता येऊ नये आणि कोणी ती धुण्या-भांड्याला पळवू नये. मनुष्यस्वभावाचे इतके अचूक ज्ञान मला त्या काळच्या दुसऱ्या कुठल्याही सरकारी वस्तूत आढळलेले नाही.

परंतु बादलीत वाळू आहे की नाही हे वाकून पाहता येते, आणि नळकांड्याची गोष्ट गाठीसारखी आहे. कुपी आधीच तडकलेली असेल, कोरडी पूड ओल लागून दगड झाली असेल, दाबाचा वायू झडपेतून कणाकणाने निसटला असेल, आणि तरीही बाहेरून यंत्र तसेच लाल, तसेच निश्चिंत दिसेल. म्हणून त्याला उघडणारा, तोलणारा, भरणारा माणूस लागतो, आणि त्या माणसाने काम केले याची खूण लागते. पुडीचे नळकांडे उलटे करून ठोकावे लागते, म्हणजे आतील पूड मोकळी राहते; कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याला दाबमापक नसतो, ते काट्यावर ठेवूनच पाहावे लागते आणि भरलेल्या वायूचा एक दशांशाहून अधिक भाग उडालेला आढळला तर पुन्हा भरावे लागते. येथे पुन्हा काटा आला आणि मापाडीही आला. फक्त त्याच्या काट्याखाली बोट आहे की नाही हे पाहायला बाजार भरलेला नसतो.

दाबाच्या वायूची पात्रे 1884 च्या स्फोटक द्रव्यांच्या कायद्याच्या कक्षेत आणून 1940 मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र नियम झाले. पोलादी सिलिंडर ठराविक मुदतीने पाण्याच्या दाबाखाली तपासावा आणि त्या तपासणीची तारीख त्याच्या अंगावर ठोकून उमटवावी, ही रीत त्या नियमांनी रूढ केली. कागदाची चिठ्ठी फाटते, पोलादावरचा ठोका फाटत नाही. स्फोटक द्रव्यांचा हा कायदा राबवणाऱ्या खात्याचे मुख्यालय आज नागपुरात आहे आणि 1957 पासून राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही तेथेच, त्यामुळे आगीचे शास्त्र आणि आगीचा कायदा हे दोघेही विदर्भातच बिऱ्हाड करून आहेत, असे म्हणण्यास हरकत नाही. 1962 मध्ये भारतीय मानक संस्थेने हाताळण्याजोग्या अग्निशामक यंत्रांची निवड, मांडणी आणि निगा यांची संहिता, 2190 या क्रमांकाने, प्रसिद्ध केली. तिच्या सुधारित आवृत्त्या आजवर चालू आहेत. यंत्राला क्रमांक द्यावा, त्याच्या तपासणीच्या आणि भरल्याच्या तारखांची नोंद ठेवावी, मुदतीने दाबाची चाचणी घ्यावी, हे तिचे सार.

संहिता ही सूचना असते, हुकूम नव्हे. ती जिनांपर्यंत पोचली ती बहुधा सरकारी निरीक्षकाच्या हातून नव्हे, विमा कंपनीच्या सर्वेक्षकाच्या हातून. ज्याच्या आवारात अग्निशमनाची साधने चालू स्थितीत आहेत त्याला हप्त्यात सूट, हा व्यवहार व्यापाऱ्याला कोणत्याही कलमापेक्षा लवकर कळतो. विमा आणि खूण यांचे नाते तसे जुनेच आहे: 1666 च्या लंडनच्या महाआगीनंतर निघालेल्या विमा कंपन्या आपल्या आश्रयाखालील घरांच्या भिंतीवर शिशाचे चिन्ह ठोकीत असत.

राज्याचा हुकूम यायला एकविसावे शतक उजाडावे लागले. तोवर बुलढाणा जिल्हा मध्यप्रदेशातून 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आलेला होता. 1972 पासून कापसाच्या एकाधिकार खरेदीचे पर्व सुरू होऊन, संकलन केंद्रांच्या आवारात उघड्यावर रचलेल्या गंजी आणि त्यांना लागणाऱ्या आगी, ही वऱ्हाडातील वर्तमानपत्रांची हंगामी बातमी होऊन बसली होती. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 हा 6 डिसेंबर 2008 रोजी अंमलात आला आणि 2009 मध्ये त्याचे नियम झाले. अग्निशमन सेवा संचालकांकडून परवाना मिळालेल्या अभिकरणानेच ही कामे करावीत, यंत्रणा बसवल्यावर तिने ‘नमुना अ’ मध्ये दाखला द्यावा, आणि मालकाने किंवा भोगवटादाराने यंत्रणा सुस्थितीत असल्याचा ‘नमुना ब’ मधील दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करावा, अशी त्याची मांडणी आहे. कारंज्याच्या मापाड्याला ज्या तत्त्वाने परवाना मिळाला, त्याच तत्त्वाने नळकांडे भरणाऱ्याला तो मिळू लागला. मध्ये सव्वाशे वर्षे गेली, इतकेच.

तथापि चिठ्ठी आणि ठसा यांत एक भेद आहे. प्रेसचा ठसा गाठ आवळतानाच उमटतो, कामाशिवाय तो उमटवता येत नाही. चिठ्ठी मात्र नळकांड्याला हात न लावताही बदलता येते. अमेरिकेत हाच अनुभव आल्यावर तेथील संहितेने तारखेला छिद्र पाडलेल्या चिठ्ठीबरोबर आणखी एक युक्ती स्वीकारली: झडप काढल्याशिवाय गळ्यात घालताच येणार नाही असा अखंड गळपट्टा. तो नव्या सालाचा दिसला म्हणजे नळकांडे त्या साली उघडले गेले, हे साक्षीदाराशिवाय सिद्ध होते. आमच्याकडे हा गळपट्टा सार्वत्रिक झाला, तर जानेफळच्या दुकानदारांना आपले वाक्य फिरवावे लागेल. आज मात्र भरणारा माणूस खामगाव-अकोल्याकडून दुचाकीवर येतो, त्याच्याजवळ काटा नसतो, दाबाची चाचणी घेण्याचे सामान तर नसतेच. नळकांडी नेऊन परत आणायची तर चार दिवस दुकान यंत्राशिवाय राहते आणि भाडे दुप्पट पडते, म्हणून तो जे करता येण्यासारखे आहे तेच करतो. त्याला सर्वस्वी दोष देणे मला उचित वाटत नाही. आग लागलीच तर बंब यायचा तो मेहकराहून किंवा खामगावाहून, आणि तो येईपर्यंतचा सारा वेळ त्या धुळकट नळकांड्याच्या भरवशावर काढायचा असतो, हे दुकानदारांनाही ठाऊक आहे आणि त्यालाही.

जानेवारी आणि जुलै हे महिने कोणी व का ठरवले असतील याचा विचार मी परतीच्या वाटेवर करीत होतो. मुंबईतल्या उंच इमारतीला सगळे महिने सारखेच. तिला कोणतेही दोन चालतील. वऱ्हाडात मात्र वेचणी दसऱ्याच्या सुमारास सुरू होते, जिनांची चाके दिवाळीनंतर फिरू लागतात आणि उन्हाळा लागेतो फिरतच राहतात. जुलैत तपासणारा येतो तेव्हा जिन बंद असते, आवारात गवत वाढलेले असते आणि राखणदाराखेरीज चिटपाखरू नसते. जानेवारीत येतो तेव्हा गाड्यांची रांग दारापर्यंत असते आणि नळकांडी उतरवून पाहायला कोणालाच सवड नसते. पाऊस थांबल्यावर, निघण्यापूर्वी, मी दुकानदारांना विचारले होते की कधी तपासून घेणे त्यांना सोयीचे पडेल. त्यांनी क्षणभरही विचार न करता सांगितले होते, “पोळा झाला का या म्हणावं.”