साहेबाचे दफ्तर, आपली रात्र

हैदराबादच्या निजामाकडे महसुलाची दोन मोठी दफ्तरे होती. तेलंगणाचा हिशेब दफ्तर-ए-मालकडे आणि मराठवाड्याचा दफ्तर-ए-दिवाणीकडे. यातले दुसरे दफ्तर पिढ्यान्‌पिढ्या रायरायान या महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्याने सांभाळले. राज्यकर्ता एका भाषेचा, रयत दुसऱ्या भाषेची आणि वही तिसऱ्याच्याच हातात, ही व्यवस्था आपल्या भागाला नवी नाही. आमच्या बेळगाव-धारवाडकडेही कंपनी सरकारच्या सुरुवातीच्या काळात कन्नड बोलणाऱ्या गावांचे कागद मोडी लिहिणारे कारकून लिहीत. त्या गावकऱ्यांना आपल्याच जमिनीचा कागद वाचता येत नसे, ही गोष्ट आपण मराठी माणसे सोयीस्करपणे विसरतो. असो.

सांगायचा मुद्दा हा की दुसऱ्याचे दफ्तर सांभाळून पोट भरण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. पण तिचा एक नियम होता. कारकुनाने दफ्तराकडे जायचे. तंजावरला जायचे, बडोद्याला जायचे, ग्वाल्हेरला जायचे. विसाव्या शतकाच्या अखेरीस हा नियम उलटला आणि दफ्तरच समुद्र ओलांडून कारकुनाच्या दाराशी आले. त्याला इंग्रजीत आउटसोर्सिंग म्हणतात. आपल्या कितीतरी घरांतल्या मुलामुलींचे पुणे, बंगळूर, हैदराबाद इथले संसार त्यावर उभे राहिले. पण ही गोष्ट सुरू कशी झाली, हे त्या घरांतही फारसे कुणाला ठाऊक नसते.

पुष्कळांचा समज असा की हे सारे इंटरनेट आल्यावर झाले. तसे नाही. पहिले दफ्तर आले ते टपालाने आणि ते आले पुण्यात.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात नरेंद्र पटनी नावाचे एक तरुण भारतीय गृहस्थ राहत होते. एमआयटीत शिकलेले. अमेरिकेत तेव्हा छापील मजकूर संगणकाला वाचता येईल अशा रूपात आणण्याची मोठी गरज निर्माण झाली होती आणि ते काम म्हणजे निव्वळ टंकलेखन. अमेरिकेत टंकलेखकाचा पगार भारी. हेच काम भारतात करून घेता येईल का, असा प्रश्न पटनींना पडला. अडचण एकच. काम देणारा आणि करणारा यांच्यामध्ये दहा हजार कोसांचे नसले तरी अर्ध्या पृथ्वीचे अंतर. शंका विचारायला फोन परवडणारा नाही. तेव्हा पटनी आणि त्यांच्या पत्नी पूनम यांनी राहत्या घरातच एक प्रयोग केला. घराचा एक भाग अमेरिका ठरवला, दुसरा भारत. दोघांनी एकमेकांशी तोंडाने बोलायचे नाही. काय करायचे ते फक्त लिहून कळवायचे. नवरा-बायकोने एका छपराखाली अबोला धरून व्यवसायाची परीक्षा घेतल्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही. अबोला यशस्वी झाला. त्यातून डेटा कन्व्हर्जन ही कंपनी निघाली.

कामाची रीत साधी होती. अमेरिकेतून कागद विमानाने येत. पुण्यात ते फ्लेक्सोरायटर या यंत्रावर टंकित होत. हे यंत्र टाइप करता करता कागदी फितीवर भोके पाडी आणि त्या भोकांत अक्षरे साठवली जात. फिती परत अमेरिकेला गेल्या की त्यांवरचा मजकूर चुंबकीय टेपवर चढे. मजकूर काय आहे हे टाइप करणाऱ्याला कळण्याची गरज नव्हती; किंबहुना न कळणेच बरे, कारण अर्थ कळला की माणूस मनानेच दुरुस्ती करू लागतो. ज्यांनी ‘टायपिंगच्या क्लास’ला जाऊन चाळीस शब्दांच्या परीक्षेचा धसका घेतला आहे, त्यांना हे पटेल. आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावात जिन्यावरच्या खोलीत चालणारे ते क्लास म्हणजे या साऱ्या उद्योगाची बिनपगारी पूर्वतयारी होती. सरकारी कचेरीतल्या नोकरीसाठी शिकलेली बोटे अमेरिकेच्या कामाला आली.

याच धंद्यातून पुढे १९७८ साली पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स उभी राहिली. तिथे नोकरीला असलेल्या नारायण मूर्ती आणि सहा सहकाऱ्यांनी १९८१च्या जुलैत पुण्यातच इन्फोसिसची नोंदणी केली. सुरुवातीचे भांडवल दहा हजार रुपये आणि ते दिले सुधा मूर्ती यांनी. बाई शिगावच्या, शिक्षण हुबळीत. म्हणजे आमच्या शेजारच्याच. कंपनी १९८३ साली बंगळूरला गेली आणि पुण्याचे नाव या कथेतून मागे पडले.

त्या काळी संगणक परदेशातून आणणे हे लग्न जमवण्याहून कठीण होते. परवाना मिळायला वर्ष-दोन वर्षे जात आणि वर अट अशी की यंत्राच्या किमतीच्या दुप्पट परकीय चलन निर्यातीतून मिळवून दाखवा. एफ. सी. कोहली यांच्या टाटा कन्सल्टन्सीने १९७४ साली बरोज कंपनीचा संगणक आणला तो याच अटीवर. ही अट पुरी करायची म्हणून निर्यातीचे काम शोधावे लागले. परकीय चलनाच्या टंचाईपोटी घातलेल्या निर्बंधातून निर्यातीचा एक धंदा जन्माला आला, हा आपल्या नियोजनातला एक गमतीदार योगायोग.

इकडे अमेरिकन एअरलाइन्सने १९८३ साली वेगळीच वाट धरली. प्रवाशांच्या तिकिटांची वापरून झालेली अर्धी पाने ओक्लाहोमातल्या तुलसा शहरात तपासली जात. ती कंपनीने आपल्याच विमानांतून वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर पाठवायला सुरुवात केली. क्रिकेटमुळे आपल्याला घरच्यासारखे वाटणारे ते बेट! तुलसातल्या नोकऱ्या गेल्या आणि बार्बाडोसच्या मुली पडद्यासमोर बसून आकडे भरू लागल्या. कार्ला फ्रीमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी या मुलींवर २००० साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातली एक गोष्ट लक्षात राहते. काम कारखान्यासारखे, प्रत्येक बोटाची गती मोजणारे; पण पोशाख मात्र साहेबाच्या कचेरीतला, उंच टाचांच्या चपलांसकट. ऊस तोडणाऱ्यांच्या नातींना त्या पोशाखाचे मोल पगाराइतकेच वाटे. आपल्याकडे पुढे गळ्यात लटकणाऱ्या ओळखपत्राला जी प्रतिष्ठा आली, ती याच जातीची.

१९९१ नंतर आपल्या देशाचे दार उघडले. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात स्विसएअरने आपल्या उत्पन्नाचा हिशेब टाटांच्या भागीदारीत मुंबईला आणला. १९९६ साली ब्रिटिश एअरवेजने वर्ल्ड नेटवर्क सर्व्हिसेस नावाने मुंबईत कचेरी काढली आणि १९९७ साली जनरल इलेक्ट्रिकच्या वित्तसंस्थेने गुरगावला. स्विसएअरची विमाने २००१च्या ऑक्टोबरात जमिनीवर आली. तिचे हिशेब लिहिणारी मुंबईची कचेरी मात्र टिकली. धनी बुडाला तरी कारकून तरतो, हे पेशवाईनंतर आपण पाहिलेच होते.

इथवर सारे काम कागदाचे किंवा आकड्यांचे होते. ते दिवसा करा की रात्री, कुणाला फरक पडत नव्हता. आवाज आला आणि घड्याळ फिरले. समुद्राखालच्या प्रकाशतंतूंच्या तारांमुळे परदेशी फोन स्वस्त झाला, १९९९च्या दूरसंचार धोरणाने वाट मोकळी केली आणि एप्रिल २००२ पासून परदेशी फोनवरची विदेश संचार निगमची मक्तेदारी संपली. न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. तिथल्या ग्राहकाशी बोलायचे तर इथल्या मुलाने रात्र जागवायची.

दुभाषी मुलखातल्या मुलांना यातला भाषेचा भाग अवघड गेला नसावा, असे मला वाटते. तलाठ्याशी कन्नड, आईशी मराठी, बाजारात हिंदी आणि अर्जात इंग्रजी, हा आपला रोजचाच रियाज. समोरचा माणूस पाहून जीभ वळवणे आपण पाळण्यात शिकतो. तिथे फक्त समोरचा माणूस दिसत नव्हता. नावाचे मात्र अनेकांना जड गेले. रात्री सात ते पहाटे चार ‘सॅम’ किंवा ‘नॅन्सी’ व्हायचे! वर्तमानपत्रांत यावर अग्रलेख आले, संस्कृती बुडाल्याचे सांगितले गेले. ते वाचताना मला हसू येई. लग्नाच्या दिवशी तांदळात अंगठीने नवे नाव लिहून मुलीचे जन्मनाव पुसणारा आपला समाज! तिचे नाव जन्मभरासाठी जाई. इथे निदान पहाटे परत मिळत होते आणि वर पगार मिळत होता.

स्त्रियांच्या बाबतीत खरी कसोटी वेगळीच होती. दुकाने-आस्थापनांचे कायदे त्यांना रात्रपाळीची मनाई करीत. या शतकाच्या सुरुवातीला राज्यांनी या धंद्यासाठी त्यांतून सवलत दिली. घरी पोचवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. कागदावर सारे ठीक. पण डिसेंबर २००५ मध्ये बंगळुरात आणि नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या दोन तरुणींचा बळी गेला आणि दोन्ही वेळा आरोपी कामावर नेणाऱ्या गाडीचा चालक होता. त्या रात्रींनंतर आपल्या गावांतल्या किती आईबापांनी मुलींचे नेमणूकपत्र कपाटात ठेवून दिले, याची मोजदाद कुठल्याच दफ्तरात नाही. ज्या गेल्या, त्यांनी घराचे कर्ज फेडले, भावंडांची शिक्षणे केली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

पलीकडच्या बाजूलाही माणसेच होती. न्यू जर्सी राज्यात गरिबांना धान्यासाठी मिळणाऱ्या मदतीच्या चौकशीचे फोन मुंबईत घेतले जात. म्हणजे नोकरी गेलेला माणूस सरकारी मदतीसाठी फोन करी आणि उत्तर देणारी नोकरी मुंबईत! तिथल्या विधिमंडळात ओरड झाली आणि जादा खर्च सोसून ते काम परत नेण्यात आले. २००३ साली इंडियाना राज्याने टाटा कन्सल्टन्सीबरोबरचा दीड कोटी डॉलरचा करार मोडला. तो करार होता बेकारी भत्त्याचे काम पाहणाऱ्या खात्यासाठी. या बातम्या आपल्याकडे ‘अमेरिकेचा आकस’ म्हणून छापल्या गेल्या. तुलसाच्या टंकलेखिकेचे काय झाले, हे कुणी विचारले नाही.

मग वारे फिरले. २०१०च्या सुमारास फोनवरच्या कामात फिलिपिन्सने आपल्याला मागे टाकले. आता तर अनेक साध्या प्रश्नांना यंत्रच उत्तर देते आणि ते झोपही मागत नाही. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीने आपल्या सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर लोकांना कमी करण्याचे जाहीर केले. पटनींची कंपनी २०११ साली आयगेटने घेतली आणि आयगेटला २०१५ साली कॅपजेमिनी या फ्रेंच कंपनीने. ब्रिटिश एअरवेजने मुंबईत काढलेली ती कचेरी डब्ल्यूएनएस या नावाने वाढली होती. २०२५ साली तीही सव्वातीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीला त्याच कॅपजेमिनीने विकत घेतली. माणसांनी करायचे हे काम यापुढे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेण्यासाठी हा व्यवहार केल्याचे कंपनीने उघडपणे सांगितले आहे.