केट बुश : आवाजाची मालकीण

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी लोकप्रियतेचे शिखर गाठणारे कलावंत पॉपसंगीतात अनेक झाले. मात्र त्या यशाने लादलेला वेग नाकारून स्वतःच्या गतीने काम करत राहिलेले फार थोडे. ब्रिटिश गायिका, गीतकार आणि संगीतकार केट बुश हे त्यातील ठळक नाव.

इंग्लंडमधील केंट परगण्यात ३० जुलै १९५८ रोजी केटचा जन्म झाला. वडील डॉक्टर, आई आयरिश आणि दोन्ही थोरले भाऊ कलासक्त. शाळकरी वयातच ती पियानोवर स्वतःची गाणी रचू लागली. घरी ध्वनिमुद्रित केलेल्या या गाण्यांच्या फिती 'पिंक फ्लॉइड'चा गिटारवादक डेव्हिड गिल्मर याच्या कानावर पडल्या. त्याने स्वखर्चाने तिची काही गाणी व्यावसायिक स्टुडिओत ध्वनिमुद्रित करवून घेतली आणि 'ईएमआय' कंपनीचे दार तिच्यासाठी उघडले. कंपनीनेही घाई न करता तिला वेळ दिला. या काळात तिने लिंडसे केम्प यांच्याकडे मूकाभिनय आणि नृत्याचे धडे घेतले.

पहिले गाणे कोणते प्रसिद्ध करायचे, यावरून कंपनीशी तिचा मतभेद झाला. एमिली ब्राँटेच्या कादंबरीवर बेतलेल्या 'वुदरिंग हाइट्स'साठी ती अडून बसली. विशेष म्हणजे एमिली आणि केट यांची जन्मतारीख एकच! जानेवारी १९७८ मध्ये आलेले हे गाणे मार्चमध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि चार आठवडे तेथेच राहिले. स्वतः लिहिलेल्या गाण्याने हे स्थान मिळवणारी ती पहिली गायिका ठरली.

यशापाठोपाठ तगादा आला. पहिल्या अल्बममागे अनेक वर्षांची गाणी होती; दुसरा 'लायनहार्ट' त्याच वर्षी घाईने करावा लागला. त्याबद्दल ती कधीच समाधानी नव्हती. १९७९ च्या दौऱ्यात गाताना नाचता यावे म्हणून डोक्यावर बसवायचा मायक्रोफोन खास तयार करण्यात आला. मात्र दौऱ्याच्या प्रारंभीच प्रकाशयोजनेतील एका तरुण सहकाऱ्याचा अपघाती मृत्यू झाला. या दौऱ्यानंतर तिने पुन्हा कधीही दौरा केला नाही.

पुढचा काळ स्टुडिओचा होता. 'नेव्हर फॉर एव्हर' (१९८०) हा ब्रिटिश एकल गायिकेचा पहिल्या क्रमांकावर गेलेला पहिला अल्बम. १९८२ चा 'द ड्रीमिंग' तिने एकटीने निर्माण केला. 'फेअरलाइट' या संगणकीय वाद्यावर घडवलेला हा प्रयोग अपेक्षेइतका खपला नाही. तिने माघार घेतली नाही. उलट आईवडिलांच्या घराच्या आवारात स्वतःचा स्टुडिओ उभारला. तासावर भाडे मोजण्याची चिंता मिटली आणि तेथून 'हाउंड्स ऑफ लव्ह' (१९८५) बाहेर पडला. रात्रीच्या समुद्रात एकाकी तरंगणाऱ्या स्त्रीची गोष्ट सांगणारी त्याची दुसरी बाजू आजही नावाजली जाते. या अल्बमने मॅडोनाच्या 'लाइक अ व्हर्जिन'ला पहिल्या स्थानावरून खाली खेचले.

'द रेड शूज' (१९९३) नंतर बारा वर्षे तिचा एकही अल्बम आला नाही. अफवांना ऊत आला. प्रत्यक्षात ती मुलाच्या संगोपनात रमली होती आणि संथपणे 'एरियल'वर काम करत होती; तो २००५ मध्ये आला. २०११ मध्ये तिने स्वतःच्या 'फिश पीपल' या लेबलवरून दोन अल्बम प्रसिद्ध केले. २०१४ मध्ये, तब्बल ३५ वर्षांनी, लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये तिने सलग नव्हे, पण एकूण २२ प्रयोग केले. सोळा वर्षांचा मुलगाही रंगमंचावर होता.

२०२२ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेने 'रनिंग अप दॅट हिल' नव्या पिढीपर्यंत नेले. १९८५ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर थांबलेले हे गाणे ३७ वर्षांनी ब्रिटनमध्ये पहिले आले. २०२३ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये तिचा समावेश झाला. त्या श्रोत्यांपैकी अनेकांचा जन्मही गाणे आले तेव्हा झालेला नव्हता. कंपनीच्या वेळापत्रकापेक्षा गाण्याच्या गरजेला दिलेला वेळच अखेर तिच्या कामी आला.